राहते घर

पुण्यात ज्याला मिळकतकर म्हणतात, त्यालाच आमच्या इंदुरात संपत्तिकर म्हणतात. दोन्ही शब्द ऐकायला भारदस्त. आमची पुण्याची मिळकत म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तुळशीची कुंडी ठेवली की उभे राहायला जागा उरत नाही असा सज्जा. या मिळकतीतून परवापरवापर्यंत आम्हांला एक पैसाही मिळालेला नव्हता. इंदूरची संपत्ती म्हणजे आजोबांनी बांधलेले, पावसाळ्यात तीन ठिकाणी गळणारे आणि आईच्या नावावर असलेले जुने घर. या मिळकतीच्या आणि त्या संपत्तीच्या मध्ये सुमारे सहाशे किलोमीटरचे अंतर आहे, आणि गेली काही वर्षे आमचा जीव त्या अंतरावर टांगलेला आहे.

आमचे घराणे इंदुरात चौथ्या पिढीचे. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. आम्ही उभयतां मात्र उलट्या वाटेने गेलो. नोकरीच्या निमित्ताने एकतीस वर्षे पुण्यात काढली. तीही सगळी भाड्याच्या घरांत. अकरा महिन्यांचे करार, दर खेपेला वाढणारे भाडे आणि भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाची परवानगी. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा त्यांतला मोठा हिस्सा घालून आम्ही कोथरुडात एक सदनिका घेतली. २०१९ च्या दसऱ्याला ताबा मिळाला. दारावर पितळी पाटी लावली. त्या दिवशी आम्ही भिंतीला नऊ खिळे ठोकले. त्यांतल्या चारांवर आजही काही टांगलेले नाही.

पहिले देयक आले आणि आम्हांला पहिला धडा मिळाला. आमच्या मागच्या गल्लीत, जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळाच्या जुन्या घरात राहणाऱ्या एका स्नेह्यांचे देयक आमच्यापेक्षा पुष्कळच कमी होते. आम्ही आधी आकडे चुकले असावेत असे समजलो. ते चुकले नव्हते. स्नेह्यांनी चहा पाजून आम्हांला जो इतिहास ऐकवला, तो पुण्याबाहेरच्या वाचकांना बहुधा ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येऊ शकेल, त्या अंदाजावर पुण्याचा मिळकतकर बसतो. पण जो मालक स्वतःच घरात राहतो, त्याला भाडे कुठले येणार? म्हणून अशा राहत्या घराच्या भाडेमूल्यात ४० टक्के सवलत देण्याची पद्धत १९७० पासून चालत आली होती. भाड्याने दिलेल्या घराचा हिशेब शंभरावर होत असेल, तर राहत्या घराचा साठांवर. देखभाल-दुरुस्तीसाठी भाडेमूल्यातून १५ टक्के वजावटही मिळे. पुढे लेखापरीक्षणात या सवलतींवर आक्षेप निघाले. कायद्यात वजावट १० टक्क्यांचीच आहे, आणि ४० टक्क्यांना आधार कोणता, असा प्रश्न आला. परिणामी १ एप्रिल २०१९ पासून नव्याने कर आकारणी झालेल्या घरांना ती सवलत मिळेनाशी झाली. आमचा ताबा दसऱ्याचा. म्हणजे सहा महिन्यांनी आमची गाडी चुकली होती. आम्ही काही बोललो नाही. देयक भरून टाकले. जन्मभर भाडे भरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा कर भरताना एक वेडा अभिमानही वाटतो.

त्या घरात आम्ही तीन वर्षेही पुरती राहिलो नाही. त्यांतले टाळेबंदीचे दिवस सोडले तर आणखीच कमी. २०२२ च्या भाद्रपदात इंदुराहून फोन आला. आई न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचे हाड मोडले होते. वय तेव्हा एकोणनव्वद. वडील जाऊन पाच वर्षे झालेली. घरात ती आणि वरकामाची बाई. आम्ही दोन बॅगा भरल्या, कुंडीखाली पाण्याचे ताट ठेवले, शेजाऱ्यांकडे किल्ली दिली आणि महिन्याभरात येतो म्हणून सांगितले. शस्त्रक्रिया झाली. महिन्याचे तीन महिने झाले, तिनाचे वर्ष झाले. आई काठीच्या आधाराने उठू लागली, पण एकटी राहण्याजोगी झाली नाही. तिला पुण्याला नेण्याचा विषय आम्ही एकदा काढला. तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले, की तो विषय पुन्हा निघाला नाही.

अशात २०२३ साली राज्य सरकारने पुण्यातली ४० टक्क्यांची सवलत पुन्हा दिली. देखभालीची वजावट १० टक्क्यांवर आली, पण मोठी सवलत परत आली आणि तीही २०१९ नंतरच्या घरांसह. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी मोठ्या आनंदाने फोन केला. ज्यांना सवलत मिळत नव्हती त्यांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, पंचवीस रुपये शुल्क द्यायचे, आणि घर आपण स्वतः वापरतो याचा पुरावा जोडायचा. मुदत १५ नोव्हेंबरपर्यंत (ती पुढे वाढली, पण तेव्हा आम्हांला ते ठाऊक नव्हते). पुराव्यासाठी सोसायटीचा दाखला, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅसचे पुस्तक, शिधापत्रिका असले कागद चालणार होते. पुण्यात दुसरे घर असेल तर त्याच्या देयकाची प्रत.

सचिव म्हणाले, "तुम्ही येऊसुद्धा नका. तुमचं मतदार कार्ड इथलंच आहे. 'सदर सभासद येथे कायम वास्तव्यास आहेत' असा दाखला मी लिहून ठेवतो. पोराला पाठवून अर्ज देऊन टाकू."

माणूस भला. मागाहून कोणाला त्रास होऊ नये म्हणून सांगतो, की त्यांच्या मनात खोटेपणा नव्हता, शेजारधर्म होता. पण फोन ठेवला आणि आम्हां दोघांत जे सुरू झाले ते चार दिवस संपले नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, घर आपले, सामान आपले, पाटी आपली, भाडेकरू ठेवलेला नाही; मग ते राहते नाही तर काय आहे? दुसरीचे म्हणणे, गेल्या चौदा महिन्यांत त्या घरात आपण अकरा रात्री झोपलो आहोत. कायम वास्तव्य आहे असे लिहून त्याखाली सही करायची तर हात थोडा तरी थरथरायला हवा. पहिल्याने म्हटले, लोक भाडेकरू ठेवूनही सवलत घेतात. दुसरीने विचारले, मग आपण त्यांच्यात नाव घालायचे आहे का? या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे संभाषण भाजीवर गेले.

आणि भाडेकरू ठेवण्याचा मोह झालाच नव्हता असेही नाही. पुण्यातले एक दलाल दर दोन महिन्यांनी फोन करीत. आईच्या रात्रीच्या मदतनीस बाईचा पगार, औषधे, व्यायाम करून घेणाऱ्या मुलीचे पैसे हे सारे निवृत्तिवेतनातून भागवताना महिनाअखेरीस ओढ लागे. कोथरुडातली रिकामी सदनिका त्या वेळी डोळ्यांपुढे येई. पण भाड्याने देणे म्हणजे खिळ्यांवरची चित्रे उतरवणे, देव हलवणे, आणि आपण परत जाणार नाही हे स्वतःशी कबूल करणे. ते आम्हांला जमत नव्हते. कराची सवलत हे आमच्या वादाचे निमित्त होते. खरा वाद आम्ही कुठले आहोत याचा होता, आणि तो उघड करण्याची हिंमत दोघांतही नव्हती.

चौथ्या दिवशी आईने तो अर्ज मागितला. ती जुनी शिक्षिका. भिंग घेऊन तिने भ्रमणध्वनीच्या पडद्यावरचा अर्ज ओळीवर बोट ठेवून वाचला. मध्ये दोनदा पडदा काळा झाला तेव्हा यंत्राला रागावली. मग म्हणाली, "खोटं लिहू नका, आणि फुकटचे पैसेही भरू नका. कुठे आहात आणि का आहात ते वेगळ्या कागदावर लिहा. नाही म्हणाले तर नाही. पण विचारल्याशिवाय नाही कसं समजता?" आणि मग वडिलांच्या कपाटातून तारेत ओवलेल्या पावत्या काढायला लावल्या. १९६० नंतरच्या या घराच्या कराच्या सगळ्या पावत्या वडिलांनी त्या तारेत ओवून ठेवल्या आहेत. कागद पिवळे, शाई तपकिरी. वडिलांची बदली भोपाळला झाली होती ती चार वर्षेही त्यांत आहेत. त्या चार वर्षांत हे घर बंद नव्हते, आजी होती. मध्य प्रदेशात स्वतः राहत्या घराला संपत्तिकरात निम्मी सूट मिळते. आईच्या नावाचे घर आणि आई त्यात राहते, तेव्हा इथे प्रश्नच नाही. "मी आहे तोवर," एवढेच ती म्हणाली आणि तार पुन्हा कपाटात ठेवायला सांगितली.

आम्ही रात्रीच्या बसने पुण्याला गेलो. दार उघडले तेव्हा बंद घराचा तो ओळखीचा, कोंदट, थोडा कापरासारखा वास आला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २०२२ चा ऑगस्ट होता. तुळस गेली होती. शेजारीणबाईंनी कुंडीत सदाफुली लावली होती आणि ती अघोरी फोफावली होती. टेबलावर विजेची देयके साठली होती. त्यांत वापरलेले युनिट जवळजवळ शून्य. पुराव्याच्या यादीत विजेचे देयक नव्हते हे एका परीने बरेच झाले, असे मनात आले, आणि ते मनात आल्याची लाजही वाटली.

सचिवांनी दाखला लिहून ठेवला होताच. आम्ही तो परत केला आणि दुसरा लिहून देण्याची विनंती केली: सदनिका भाड्याने दिलेली नाही, मालकांच्या सामानासह त्यांच्याच ताब्यात व वापरात आहे, वृद्ध मातेच्या शुश्रूषेसाठी ते सध्या इंदूर येथे असून अधूनमधून येऊन राहतात. सचिवांनी चष्मा कपाळावर चढवून आमच्याकडे पाहिले. "एवढं सगळं लिहिलं तर नाकारतील हो." आम्ही म्हटले, नाकारू द्या. त्यांनी लिहिले. अक्षर फार सुंदर आहे त्यांचे.

कार्यालयात गर्दी होती. आमच्या आधी एक बाई तीन सदनिकांसाठी तीन अर्ज घेऊन आल्या होत्या आणि आपण तिन्हींत राहतो असे सांगत होत्या. त्यांचे पुढे काय झाले ते पाहायला आम्ही थांबलो नाही. टेबलामागच्या तरुण कर्मचाऱ्याने आमचे कागद चाळले. आमच्या पत्रावर तो थबकला.

"भाड्यानं दिलंय?"

"नाही."

"पुण्यात दुसरं घर?"

"नाही."

"मग राहता कुठं?"

"आईकडे."

त्याने पत्र पुन्हा वाचले, अर्जाला टाचले, पंचवीस रुपये घेतले आणि पावती दिली. "माझीपण आई साताऱ्याला असते," एवढे तो पावती फाडता फाडता म्हणाला. पुढच्या वर्षीच्या देयकात सवलत लागून आली. आधी जास्त भरलेली रक्कमही पुढच्या देयकांतून वळती होऊ लागली. आमच्या बाबतीत असे झाले म्हणून प्रत्येक बंद घराच्या बाबतीत तसेच होईल, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या एका आप्तांनी घर आठ वर्षे कुलूप लावून ठेवले आहे आणि तिथे त्यांचे पाऊलही पडत नाही. त्यांना आम्ही हा सल्ला देणार नाही.

या निमित्ताने आम्ही पुष्कळ वाचले, आणि एक गोष्ट ध्यानी आली. राहणारा मालक आणि भाडे घेणारा मालक यांत बहुतेक शहरे भेद करतात. दिल्लीत, तसेच अहमदाबादेत, क्षेत्रफळावरून कर काढताना भाडेकरू असलेल्या घराला मालक राहत असलेल्या घराच्या दुप्पट गुणक लागतो. पण मालक राहतही नाही आणि भाडेही घेत नाही, या तिसऱ्या अवस्थेचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. तो केला होता आयकराच्या कायद्याने, आणि तोही मजेशीर रीतीने. नोकरी, धंदा किंवा व्यवसाय यांमुळे मालकाला दुसऱ्या गावी, दुसऱ्याच्या घरात राहावे लागत असेल, तर त्याच्या बंद घराचे वार्षिक मूल्य शून्य धरावे, अशी त्यात सोय होती. एरवी रिकामे घरही भाड्याने दिले आहे असे मानून, न मिळालेल्या भाड्यावर कर लावण्याची तरतूद. आईची शुश्रूषा ही नोकरी नव्हे, धंदा नव्हे आणि व्यवसाय तर नव्हेच. म्हणजे पगारासाठी घर सोडले तर सरकारला ते समजत होते, आईसाठी सोडले तर समजत नव्हते! २०१९ च्या अर्थसंकल्पाने असे शून्य मूल्य दोन घरांना लागू केले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने कारणाची अटच काढली. आता कोणत्याही कारणाने मालक घरात राहू शकत नसेल, तरी दोन घरांपर्यंत मूल्य शून्य. घर वर्षात थोडा काळही भाड्याने दिले मात्र की ही सोय संपली. ही बातमी आम्ही आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "उशिरा का होईना, शहाणपण आलं." मग तिने चहा मागितला.

परगावी राहणाऱ्याचे दुसरे दुखणे सवलत टिकवण्याहून साधे आणि जास्त खर्चाचे आहे. देयक बंद दाराखाली पडते आणि मालक सहाशे किलोमीटरवर निश्चिंत असतो. पुण्यात थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. सवलतीतून वाचलेले पैसे तिथे कधी गेले ते कळतही नाही. आम्ही एक सहामाही अशी घालवली आहे. तेव्हापासून मिळकतीच्या नोंदीत आपला चालू भ्रमणध्वनी क्रमांक घातला आणि एप्रिल लागला की पाडव्याच्या गूळ-कडुनिंबाबरोबर पूर्ण वर्षाचा कर भरून टाकतो. मुदतीच्या आत भरल्याची सूट मिळते ती वेगळीच. पावती छापून घेतो आणि वडिलांच्या तारेतच ओवतो. पुण्याची पावती इंदूरच्या तारेत. आईने हे पाहिले, पण काही म्हटले नाही.

आता ती ब्याण्णव वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून चालणे जवळजवळ थांबले. रात्रीच्या बाईबरोबर दिवसाचीही ठेवावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की आता तिला सोडून आठ दिवससुद्धा कुठे जाऊ नका. त्या रात्री आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. तीन वर्षे जे बोललो नव्हतो ते फार थोड्या शब्दांत बोललो. दुसऱ्या दिवशी दलालांना नव्हे, ओळखीच्या एका कुटुंबाला कळवले. त्यांची मुलगी नुकतीच लग्न होऊन पुण्यात आली होती. नवराबायको दोघेही नोकरीला, घराच्या शोधात. भाडे ठरले. बाजारभावापेक्षा थोडे कमीच, पण दिवसाच्या बाईचा पगार त्यातून निघतो आणि वर औषधांना काही उरते.

करार झाला त्याच आठवड्यात आम्ही पुण्याच्या कार्यालयाला पत्र धाडले: अमुक तारखेपासून सदनिका भाड्याने दिली आहे, तरी राहत्या घराची सवलत बंद करून त्याप्रमाणे आकारणी व्हावी. सचिवांना प्रत पाठवली. त्यांचा लगेच फोन आला. "अहो, एवढी धडपड करून मिळवलीत, आणि आपण होऊन परत करता? कळवलं नसतंत तर कोणाला समजणार होतं?" आम्ही म्हटले, "तुम्हांला समजलं असतं." ते हसले, पण थोडे उशिराने. त्यांचा तो सुंदर अक्षरातला दाखला आम्ही अजून जपून ठेवला आहे. त्यातले एकही वाक्य लिहिले त्या दिवशी खोटे नव्हते.

सामान हलवायला आम्हांला जाता आले नाही. देव शेजारीणबाईंनी आपल्या देव्हाऱ्यात नेले. चित्रे माळ्यावर गेली. सदाफुली मात्र सज्जातच राहिली. राहायला आल्यावर त्या मुलीने संकोचत फोन केला: काका-काकू, दारावर तुमची पाटी आहे, ती काढून नीट गुंडाळून ठेवू का? आमच्यापैकी एकाच्या तोंडून लगेच "हो" निघाले आणि दुसरीच्या तोंडून "नको." फोन मोठ्या आवाजावर होता, आई जागी होती. तिने खाटेवरूनच सांगितले, "तिला म्हणावं, तुझी वर लाव. यांची खाली राहू दे."

तिने तशी लावली आहे. छायाचित्र पाठवले होते. पितळ चिंचेने घासून लख्ख केले आहे.